जिमचा एक तास आणि उरलेले तेवीस

गेल्या काही वर्षांत शहापूर-मुरबाडच्या गावांत ‘जिम’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. बाजारपेठेतल्या एखाद्या गाळ्यात आरसे लागतात, लोखंडी वजनं येतात आणि संध्याकाळी बाहेर मोटारसायकलींची रांग लागते. आमच्या किन्हवलीची मुलंही त्यात आहेत. तरुण पोरं नाक्यावर गुटखा चघळत बसण्याऐवजी घाम गाळतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे आणि तिला नावं ठेवण्याचा आमचा हेतू नाही.

पण शाळेत पालक भेटले, दावतीत नातेवाईक भेटले, की दोन वाक्यं वारंवार कानांवर पडतात. एक, “सहा महिने झाले फी भरतोय, पोट काही आत जात नाही.” दुसरं, “आता जिमला जातोय ना, मग काही खाल्लं तरी चालतं.” दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. तंदुरुस्ती त्या एका तासात तयार होते आणि बाकीच्या वेळेचा तिच्याशी संबंध नसतो, ही ती समजूत.

साधा हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस जिमला गेलेल्या मुलाचे सहा तास तिथे जातात. उरलेले १६२ तास तो बसतो, खातो, झोपतो, जागतो, चहा पितो, मोबाइल बघतो. शरीर त्या तासांतही घडत असतं किंवा बिघडत असतं. आणि आपल्या घरातल्या ज्या माणसांनी जिमचं दारही पाहिलेलं नाही, म्हणजे अम्मी, दादी, शेतावरचे चाचा, शाळेतली मुलं, त्यांचं तर सगळं आरोग्य या रोजच्या सवयींवरच उभं आहे. म्हणून हा लेख त्या उरलेल्या तासांबद्दल.

दिवस कसा बदलला

आमच्या भागात एका पिढीपूर्वीचा दिवस आठवून पाहा. भातशेती म्हणजे राब भाजण्यापासून नांगरणी, चिखलणी, आवणी, बेणणी, कापणी, झोडणीपर्यंत माणसाच्या हातापायांचं काम. पाणी विहिरीवरून, सरपण रानातून, बाजाराला पायी. कुणी त्याला व्यायाम म्हणत नव्हतं. त्या काळाचं कौतुक करण्यात अर्थ नाही. उपासमार होती, बाळंतपणात बायका जात होत्या, साध्या तापानं मुलं दगावत होती. यंत्रं आली, रस्ता झाला, घरात गॅस आला, हे बरंच झालं.

मात्र त्या कष्टांबरोबर आपलं चालणंही गेलं. आज किन्हवलीहून कामाला निघालेला तरुण घराच्या उंबऱ्यावर मोटारसायकलीवर बसतो किंवा टमटम पकडतो. आसनगावला लोकलमध्ये बसतो. मुंबईच्या टोकापर्यंत दोन तासांच्या आसपास प्रवास. तिथे दिवसभर खुर्ची. मग तोच प्रवास उलटा. रात्री नऊला घर, दहाला जेवण, त्यानंतर डोळे मिटेपर्यंत मोबाइल. भिवंडीच्या गोदामांत किंवा मुरबाडच्या कारखान्यांत पाळीनं काम करणाऱ्यांची तर झोपेची वेळही दर आठवड्याला बदलते. दमणूक होतेच, पण ती प्रवासाची आणि जागरणाची दमणूक असते. हृदयाला आणि स्नायूंना लागणारी हालचाल त्यात फारशी नसते.

आणि ताट? ताट आवणीच्या दिवसांतलंच राहिलं. तोच भाताचा डोंगर, त्यात वर तळलेलं, वर थंड पेयाची बाटली.

याचे आकडे आता देशपातळीवर दिसतात. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे होते. हा आता फक्त शहरातल्या श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही.

एकाच बसमधले दोन कामगार

रोजच्या हालचालीचं मोल प्रथम ज्या अभ्यासानं जगाला दाखवलं, तो बसमध्ये झाला होता. डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार कामगारांचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असायचा. कंडक्टर तिकिटं काढायला जिना चढ-उतार करायचा, कामाच्या एका दिवसात साधारण ५०० ते ७५० पायऱ्या. दोघंही एकाच वस्तीतले, साधारण एकाच पगारातले. तरी हृदयविकार कंडक्टरांमध्ये कितीतरी कमी, आणि झालाच तर उतारवयात व तितका घातक नसलेला.

मॉरिस तिथे थांबले नाहीत. नोकरीला लागताना दोघांची मुळातली अंगकाठी वेगळी असेल तर? म्हणून त्यांनी गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पॅन्टची कंबर मोठी निघाली. म्हणजे शरीराच्या ठेवणीचा काही वाटा होताच. तो धरूनही पुढच्या अभ्यासांत हालचालीचा फायदा टिकून राहिला. त्या कंडक्टरांपैकी कुणी जिमला जात नव्हता. त्यांचं काम हाच त्यांचा व्यायाम होता.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. जेम्स लेव्हिन यांनी १९९९ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खायला दिल्या. कुणालाही वेगळा व्यायाम करायचा नव्हता. आठ आठवड्यांनी एकाच्या अंगावर जेमतेम ३६० ग्रॅम चरबी चढली, तर दुसऱ्याच्या अंगावर सव्वाचार किलो. खाणं सारखं, मग एवढा फरक कशानं? उत्तर मिळालं किरकोळ हालचालींत. उठणं, बसणं, उभं राहणं, चालणं, हातपाय हलवणं. काहींचं शरीर जास्त अन्न मिळाल्यावर आपोआप जास्त हलू लागलं, काहींचं नाही.

यातून आपण काय घ्यायचं? घरातली जी हालचाल आपण ‘किरकोळ’ म्हणून सोडून देतो, तिची दिवसभराची बेरीज मोठी असते. तांब्या पोरीकडून मागवण्याऐवजी स्वतः उठून घेणारे अब्बा, फोनवर बोलताना ओट्यावर येरझाऱ्या घालणारा भाऊ, भाजी आणायला चालत जाणारी आपा, हे सगळे नकळत स्वतःचं भलं करत असतात.

मग जिम बिनकामाचं का? मुळीच नाही. २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असं दिसलं, की दिवसाला आठ तासांहून जास्त बसून राहिल्यानं वाढणारा अकाली मृत्यूचा धोका रोज ६० ते ७५ मिनिटांच्या मध्यम व्यायामानं जवळजवळ पुसला जातो. पण रोज सव्वा तास, वर्षानुवर्षं, किती जणांना जमतं? आणि ज्यांना जमतं त्यांनीही वाईट खाणं आणि जागरण त्यात माफ होतं, असं समजू नये.

पुण्याजवळची सहा गावं

आता आपल्या महाराष्ट्रातल्या एका अभ्यासाकडे वळू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेत आले आहेत. शेती करणारी, पाण्यासाठी वणवण करणारी, आपल्यासारखीच ही गावं. तिथल्या आयांचं गरोदरपणापूर्वीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. जन्मलेली बाळं सरासरी २ किलो ७०० ग्रॅमची. इंग्लंडच्या साउदम्प्टन शहरातली बाळं त्याच वेळी साडेतीन किलोची भरत होती.

इथपर्यंत काही नवल नाही. नवल पुढे आहे. आपली बाळं हाडानं आणि मांसानं बारीक होती, पण त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला किरकोळ, पण आत चरबी राखून असलेलं शरीर. याच मुलांपैकी जी पुढे भराभर वजन घेतात आणि बसती कामं करतात, त्यांना मधुमेहाचा धोका लवकर गाठतो.

डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचंच उदाहरण ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. ते आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा होता, २२.३. कुणीही म्हणेल, दोघं सारखेच तंदुरुस्त. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के.

आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवायला हवं. “मी कुठे जाडा आहे?” हे समाधान आपल्याला परवडत नाही. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं सांगते. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजावी. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि बायकांमध्ये ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी माणसं आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांनी स्वतःला सडपातळ समजू नये. साखर तपासावी.

घरातल्या बाईची दमणूक

त्याच सहा गावांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. गरोदरपणात ज्या बायकांना शेतातलं आणि घरातलं जड काम जास्त पडत होतं, त्यांची बाळं तुलनेनं लहान जन्मली. आणि ज्या आयांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी होती. दोन तृतीयांश आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं.

म्हणजे सगळीच हालचाल सारखी नसते. शहरातला माणूस हवेशीर मैदानात तासभर चालतो, पोटभर खातो आणि सात तास झोपतो. तो व्यायाम झाला. दोन हंडे डोक्यावर, तिसरा कमरेवर घेऊन चढ चढणारी, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारी आणि पाच तास झोपणारी बाई करते ती झीज आहे. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं आपल्याच तालुक्यात आहेत. तरी उन्हाळ्यात इथल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पाणी भरायचं काम बहुतेक ठिकाणी बायका आणि मुलींच्या वाट्याला येतं. “तिला कशाला व्यायाम? दिवसभर राबतेच ना!” असं जे आपण म्हणतो, त्यात तिच्या रक्ताची, तिच्या गुडघ्यांची आणि तिच्या झोपेची चौकशी कुठे आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्ताची कमतरता दिसली. दर दोघींमागे एकीहून जास्त. अशा घरात मुलासाठी प्रोटीन पावडरचा मोठा डबा येतो आणि त्याच घरात आईला पायऱ्या चढताना धाप लागते. त्या एका डब्याच्या किमतीत साऱ्या घराला महिनाभर रोज अंडी खाता येतील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही अशा पावडरी टाळून रोजच्या अन्नातून प्रथिनं घ्यायला सांगितलं आहे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम पुरतात. अंडी, डाळ, वाल, चवळी, मूग, दूध-दही, मासे, थोडं मटण-चिकन यांतून ती सहज मिळतात.

दुसऱ्या टोकाला आपल्याच मोहल्ल्यातल्या अशाही भगिनी आहेत ज्यांचं घराबाहेर पडणं फार कमी झालं आहे. नळ घरात, मिक्सर घरात, बाजारहाट पुरुषांकडे, संध्याकाळ मालिकांसमोर. चाळिशीत गुडघे दुखू लागतात, ऊन अंगाला लागत नाही म्हणून ड जीवनसत्त्व कमी पडतं. त्यांना चालायला जायचं असतं, पण “लोक काय म्हणतील” हा प्रश्न वाटेत उभा राहतो. इथे घरातल्या पुरुषांची जबाबदारी आहे. फजरनंतर किंवा असरनंतर चार-पाच जणींनी मिळून गावाबाहेरच्या रस्त्यानं अर्धा तास चालावं, यात कुणाची अब्रू जात नाही. नवऱ्यानं, भावानं, मुलानं स्वतः सोबत जावं. तेवढंही जमत नसेल तर गच्चीवर किंवा अंगणात चालावं.

पावलांच्या आकड्याचं दडपण मात्र घेऊ नये. रोज दहा हजार पावलं हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून पसरला, तो वैद्यकीय शोध नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६ हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात असं दिसलं, की रोज सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. आपल्या दादी-नानींसाठी ही दिलाशाची बातमी आहे.

चहाचा हिशेब

आपल्याकडे पाहुणा आला की चहा, काम संपलं की चहा, काम सुचत नाही म्हणून चहा. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे साधारण दहा ग्रॅम. दिवसाला पाच कप झाले तर पन्नास ग्रॅम. वीस दिवसांत एक किलो, वर्षाला अठरा किलो साखर, आणि तीही फक्त चहातून. वर दिलेल्या सूचनांप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहावी. थंड पेयाच्या ३०० मिलीलीटरच्या एका बाटलीतच तीस ग्रॅमहून जास्त साखर असते. म्हणजे दिवसाचा सगळा वाटा एका बाटलीत संपला.

हे एका दिवसात तोडायची गरज नाही. दोन चमच्यांचे दीड करा, महिन्यानं एक करा. जिभेला सवय होते. पाचाचे तीन कप करा. आणि बिस्किटाशिवाय चहा पिता येतो, हेही एकदा करून पाहा.

भाताबद्दल घरोघरी भीती पसरली आहे. भात आपल्या मातीतला आहे, तो सोडायला कुणी सांगत नाही. ताटाची मांडणी बदला. निम्म्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पावभागात डाळ, मासे, अंडं किंवा मटण, उरलेल्या पावभागात भात किंवा भाकरी. आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची भाकरी करा. पावसाळ्यात आपल्या रानात शेवळं, टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली मिळतात. आदिवासी भगिनी त्या बाजारात आणून बसतात. त्यांच्याकडून घेतलेली भाजी दोन्ही घरांचं भलं करते. जवळा-सुकट जरूर खा, पण आधी नीट धुऊन, कारण मीठ त्यात भरपूर असतं. लोणचं, पापड, सुकं, वेफर्स सगळं धरून दिवसाचं मीठ पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, एवढंच असावं.

आमच्या शाळेतल्या मुलांकडे पाहून सर्वांत जास्त काळजी वाटते. मधल्या सुट्टीत पाच-दहा रुपयांच्या पाकिटांचा खच पडतो. घरची भाकरी डब्यात तशीच परत जाते. संध्याकाळी मैदान रिकामं आणि प्रत्येक ओट्यावर वाकलेली एक मान. मुलांना उपदेश करून काही होत नाही. ती आपल्याला बघून शिकतात. बापाच्या हातात मोबाइल असेल तर मुलाच्या हातातला सुटणार नाही.

झोप ही चैन नव्हे

रात्रीचे तास आपण सर्वांत निष्काळजीपणे उधळतो. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं. तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद बरीच उतरली. धडधाकट तरुणांचं सहा रात्रींत असं होत असेल, तर वर्षानुवर्षं एक-दीडपर्यंत मोबाइल बघणाऱ्या आपल्या मुलांचं काय होत असेल? अपुऱ्या झोपेनं भूक वाढते, गोड आणि तळलेलं खावंसं वाटतं. असा मुलगा सकाळी जिममध्ये वजन उचलतो, पण स्नायू भरून येतात ते विश्रांतीतच. तीच हिरावून घेतल्यावर शरीरानं काय करावं?

इशानंतर लवकर झोपायचं आणि फजरला उठायचं, ही आपल्या घरांतली जुनी घडी होती. ती पुन्हा बसवायला खर्च काही नाही. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन एका फडताळावर, एवढा एक नियम घरात करून पाहा. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी दिवसा खोलीत अंधार आणि शांतता ठेवणं हे घरच्यांचं काम.

रमजान आणि दावत

रमजानमध्ये खाण्यावर लगाम येतो आणि वजन उतरतं, असं मानलं जातं. पण ईदच्या दिवशी कुर्ता घट्ट झाल्याचं कितीतरी जण सांगतात. कारण उघड आहे. इफ्तारला भजी, समोसे, सरबताचे ग्लास, रात्री पुन्हा जेवण, सहरीपर्यंत जागरण, सहरीला पोटभर खाऊन लगेच झोप आणि दिवसभर कमीत कमी हालचाल. इफ्तारला खजूर, पाणी, फळं आणि एखादीच तळलेली वस्तू ठेवली, तरावीहला मशिदीपर्यंत चालत गेलो, तर तोच महिना शरीरालाही मानवतो. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी रमजान येण्याआधीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. गोळी मनानं बंद करू नये आणि रोज्याबद्दल शंका असेल तर आलिमांनाही विचारावं.

वलीम्याच्या दावतीत यजमान आग्रह करतो, ती आपली रीत आहे. पण दिल-दरियापणा बिर्याणीच्या पराती मोजूनच दाखवायचा असतो का? दोन गोड पदार्थांऐवजी एक, थंड पेयाऐवजी ताक किंवा साधं पाणी, आणि सॅलडची भरलेली परात, एवढा बदल एखाद्या घरानं केला तर दुसरी घरं पाहून करतील. पोटात थोडी जागा मोकळी ठेवून उठावं, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. ती दावतीच्या दिवशीही लागू पडते.

तंबाखूबद्दल मोजकंच लिहितो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तरी पुड्या मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या आयांची मिसरी हाही तंबाखूच आहे. जिमला जाणाऱ्या मुलाच्या खिशात पुडी असेल, तर त्या घामाचं मोल अर्ध्याहून कमी झालं समजा.

सुरुवात कुठून करावी

सगळं एकदम बदलू नका. खालच्यांपैकी दोन गोष्टी निवडा आणि दोन महिने पाळा.

१. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. वयस्कांवर झालेल्या एका अभ्यासात अशा तीन लहान फेऱ्या साखर ताब्यात ठेवायला सकाळच्या सलग पाऊण तासाच्या चालण्याइतक्याच उपयोगी ठरल्या. रात्रीची फेरी तर विशेष गुणाची.

२. अर्धा-पाऊण तास बसलात की दोन मिनिटं उठा. लोकलमध्ये काही स्टेशनं उभ्यानं जा.

३. अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या कामाला मोटारसायकल काढू नका. मशीद, किराणा, शाळा बहुतेकांच्या घरापासून तेवढ्यातच आहे.

४. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. तो जिममध्येच हवा असं नाही. जोर-बैठका, पायऱ्या, शेतातलं खणणं, सगळं चालतं. थोडं-थोडं केलेलंही मोजलं जातं.

५. रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन तास आधी संपवा.

६. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते. बायकांनी हिमोग्लोबिनही पाहावं. घरातल्या पुरुषांनी आधी बायकोची, आईची तपासणी करून आणावी आणि मग स्वतःची.

७. छातीत दुखणं, चालताना धाप, चक्कर अशी लक्षणं असतील तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

शरीर ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, असं आपण मानतो. अमानत सांभाळायची म्हणजे रोज थोडी थोडी सांभाळायची असते. ज्यांना जिम परवडतं आणि आवडतं त्यांनी जरूर जावं, मन लावून घाम गाळावा. पण घरी आल्यावर आईच्या हातातला हंडा आपल्या हातात घ्यावा. तिलाही थोडी विसाव्याची मिनिटं मिळतील आणि आपल्याही पावलांची संख्या वाढेल.